पालवीचे पेढे

आमच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात ज्याच्याकडे संत्र्याचं एकही झाड नाही, तोसुद्धा जंबेरीच्या खुंटावर डोळा कसा बांधायचा यावर चार शब्द बोलतो. मी चाळीस बोलतो. म्हणून अंजिराच्या वेळी कोणाला विचारलं नाही.

आधी बिया लावल्या, कारण त्या फुकट होत्या. सुक्या अंजिरातल्या, दातांतून वाचलेल्या. कुंडीत एक रोप वर आलं. त्याला शेणखत घातलं, सावली केली, पाहुण्यांना दाखवलं. पानं मोठी झाल्यावर शेजारचे भाऊ म्हणाले, "मास्तर, हा तं उंबर व्हय. पाखरानं टाकला असन." अंजिराचं पान पंजासारखं फाकतं, एवढं मला दिसायला हवं होतं. आता औदुंबर म्हटल्यावर उपटायचीही सोय नाही. अंजीर उगवलं असतं तरी उजेडच होता. स्मर्ना जातीच्या बियांतून साधारण निम्मी रोपं नर निघतात, आणि मादी झाडाला फळ धरायला अंजिराचंच चिलट लागतं. उंबरातली केंबरं तिथे कामाची नाहीत.

पुण्याकडच्या अंजिराला असलं चिलट लागत नाही, त्याची काडीच लावतात. मेहुण्यांनी सासवडहून काड्या आणल्या. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मी आल्यागेल्याला ऐकवलं आणि ऐन एप्रिलात काड्या काळ्या मातीत खोचल्या. बोटं चिकाने चिकटली. ऊन पाहून जीव कळवळायचा, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाणी. लवकरच हिरवीगार पालवी फुटली. मी पेढे वाटले.

मग पानं माना टाकू लागली. काडी ओढली तर अलगद हातात आली. खालचं टोक काळं, पिचपिचीत, मुळाचा पत्ता नाही. पालवी काडीतल्या शिलकीवर फुटली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत जाम नदीच्या पात्रात रोवलेला बिनमुळांचा पळस दोन गावांचे दगड खात उभा राहतो. माझ्या काड्या एकही दगड न लागता आडव्या झाल्या. त्यातल्या काहींचे डोळे तर जमिनीकडे बघत होते.

"पाला पाहून पेढे वाटतेत का, मास्तर?" भाऊ म्हणाले. "मुळ्या पाहून वाटाचे."

काडी जानेवारीत घ्यावी, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर, तीन-चार डोळ्यांची. वाळू मिसळलेल्या मातीत, सावलीत लावावी, पाणी बेतानं द्यावं. हे सगळं मी आता लोकांना अधिकाराने सांगतो. अंजीर मात्र आम्ही विकतच खातो.