श्रावण, विहीणबाई आणि बुढीलेनचा खलिया

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, कुंपणाशी. वहिनी आत कुकर लावतायत, तोवर सांगून टाकते. त्यांचे पुण्याचे पाहुणे गेले की हो काल! लेक, जावई, व्याही, विहीणबाई, अख्खा लवाजमा. तुम्ही माहेरी गेला होतात ना, सगळी मजा हुकली तुमची.

तर आले होते अजिंठा बघायला. श्रावणातला अजिंठा म्हणजे काय, सगळा डोंगर हिरवागार, वाघूर भरलेली, सप्तकुंडाचा धबधबा नुसता कोसळतोय… आणि प्लॅन कधीचा? सोमवारचा! मी म्हटलं, अहो वहिनी, सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद, हे इथलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल. जावयांनी मोबाइल काढला, बघितलं आणि गुपचूप खिशात ठेवला. मग गेले रविवारी. शंभर किलोमीटर जायचं, शंभर यायचं, त्यात आपला तो सिल्लोडचा रस्ता… फर्दापूरच्या टी पॉइंटला गाडी ठेवा, तिथून बसनं चार किलोमीटर, मग पायऱ्या. विहीणबाई पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीपुढं डोळे भरून उभ्या राहिल्या, पण सव्विसाव्यातल्या महापरिनिर्वाणापर्यंत काही पोचल्या नाहीत. गुडघे हो!

तर काय सांगत होते… हां, रात्रीचं जेवण. खरी गंमत तर तिथंच.

आठ वाजता सगळे दमून दारात. वहिनींनी सकाळीच ठरवून ठेवलेलं, स्टेशन रोडच्या भोजला जायचं. राजस्थानी-गुजराती थाळी, वाटी रिकामी दिसली की वाढपी हजर, विहीणबाईंचा श्रावणही सांभाळला जातो. तर जावई म्हणतात कसे, 'मम्मी, इथं एखादं रूफटॉप, कॉन्टिनेन्टल वगैरे?' आणि विहीणबाई लगेच, 'राहू द्या हो, पुण्यात सगळंच मिळतं.' वहिनींचा चेहरा असा उतरला म्हणता! मी दारातच होते ना, विरजण मागायला गेले होते.

मला काही राहवेना. म्हटलं, पुण्यात मिळतं तेच खायचं तर सिडकोत कॅनॉटला जा नाहीतर प्रोझोन मॉलला जा, पिझ्झा काय, सगळीकडे सारखाच. व्हेजच पण जरा एसीत, निवांत बसून हवं असेल तर तापडियाजवळचं ग्रीन लीफ आहे. पण रात्रीचं हे शहर बघायचं तर जुन्या गावात शिरावं. गुलमंडीवर उत्तमची इमरती, उडदाच्या डाळीची, बोटाला पाक चिकटेल अशी. चटकमटक हवं तर गायत्रीची कचोरी. श्रावण नसेल तर स्टेशन रोडलाच तंदूरचे कबाब. आणि जे पुण्यात शोधून सापडायचं नाही, ते म्हणजे आपला नान-खलिया!

एवढं म्हटलं मात्र, व्याह्यांचे कान टवकारले. मी बघितलं की हो. विचारतात, 'खलिया म्हणजे काय?' मी सांगितलं, तो तुघलक नाही का, 1327 मध्ये दिल्ली उठवून दौलताबादला घेऊन आला, त्याच्या फौजेचं हे जेवण म्हणतात. एवढाल्या सैन्याला पोळ्या कोण लाटत बसणार? तंदूरमध्ये मोठाले पिवळसर, लुसलुशीत नान भाजायचे आणि हंड्यांत मटणाचा झणझणीत रस्सा, वर लाल तर्री. राजधानी पुढं गेली परत दिल्लीला, पण नान-खलिया इथंच राहिला. लग्नाच्या पंगतीतही तोच, बुढीलेनच्या हॉटेलांतही तोच. विहीणबाई म्हणाल्या, 'शिव शिव, श्रावणात काय हे विषय!' व्याही म्हणाले, 'हो ना.' अगदी हळू म्हणाले हं.

मग गेले सगळे भोजला. जेवण उत्तम झालं, विहीणबाईंनी दोनदा गोड मागून घेतलं, ते लेकीनंच सांगितलं मला. पण पुढं ऐका. जेवण उरकल्यावर वहिनींचे हे म्हणाले, 'तुम्ही बायका घरी व्हा, आम्ही उस्मानपुऱ्यातून तारा पान घेऊन येतो.' व्याही, जावई आणि वहिनींचे हे, तिघं गेले. पानाला किती वेळ लागतो हो? तासाभरानं आले! पानं आणली होती, नाही म्हणत नाही मी. पण व्याह्यांच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्यावर छातीशी तर्रीचा हा एवढा डाग!

विहीणबाईंनी डागाकडं बघितलं, मग व्याह्यांकडं बघितलं. म्हणाल्या, 'थाळीत एवढं लाल काय होतं हो?' जावई चपलेचा बक्कल लावायला खाली वाकले ते वर येईनात. वहिनींचे हे म्हणतात, 'कत्था असेल, पानाचा.' आणि व्याही? तोंडात पान, त्यामुळं बोलायची सोयच नाही!

तुम्हाला कसं कळलं म्हणाल, तर आमचे हे त्याच वेळी बुढीलेनमध्ये होते. त्यांनी डोळ्यांनी बघितलं, तिघं एका टेबलावर, नान तोडतायत. आता आमचे हे तिथं काय करत होते, तो विषय आमच्या घरात अजून चालू आहे…

तर निघताना काय झालं, ते खरं ऐकण्यासारखं. गाडीत बसता बसता विहीणबाई वहिनींचा हात धरून म्हणाल्या, 'पुढच्या वेळी श्रावण संपल्यावर येऊ. ते सव्विसावं लेणं राहिलंय माझं.' थांबल्या आणि म्हणाल्या, 'आणि हे जे काय खाऊन आले, तेही.' वहिनींचा चेहरा असा काही फुलला म्हणता!

तेव्हा तुमच्याकडं दिवाळीत नागपूरचे येतायत ना? माझं ऐका. सोमवार टाळा, अजिंठ्याहून दुपारीच परत निघा आणि हॉटेल कुठलं ते पाहुण्यांना विचारूच नका. खाणारे असतील तर बुढीलेन, नसतील तर थाळी, आणि दोघांनाही शेवटी इमरती. आणि वहिनींना मी सांगितलं म्हणून सांगू नका हं, त्यांनी मला शपथ घातलीय.