माहिती निरंक असल्यास तसे कळवावे

आमच्या शेजारच्या वहिनी एका सरकारी कार्यालयात मोठ्या साहेबांच्या स्वीय सहायक आहेत. कोणतं कार्यालय ते विचारू नका. तुम्ही ज्याच्या पायऱ्या झिजवल्यात, तेच समजा. मिनिटाला १२० शब्दांचं लघुलेखन शिकून त्या नोकरीला लागल्या. हल्ली त्यांना एकच शब्द लिहावा लागतो : निरंक.

परवा वरून 'अतितात्काळ' पत्र आलं. प्रलंबित पत्रांची माहिती ११ रकान्यांत, दुपारी ३ पर्यंत, निरंक असली तरी कळवावी. वहिनींनी सात शाखांना पत्रं काढली, मग फोन केले, मग व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडले. पाच शाखा निरंक. सहावीने मूळ पत्राची प्रत मागितली. सातवीचा लिपिक रजेवर आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. शेवटी तक्ता झाला, प्रिंट निघाली, साहेबांची सही झाली, सहीचं स्कॅन झालं, मेल गेला. लगेच वरून फोन : "हार्ड कॉपीपण पाठवा."

तोवर त्या दिवसाचं टपाल ट्रेमध्ये तसंच होतं. पुढच्या आठवड्यात प्रलंबित पत्रं वाढली आणि वरून खुलासा मागवला गेला. तक्त्याला बारावा रकाना जोडला होता : 'विलंबाचे कारण'. वहिनींनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'प्रलंबित पत्रांचा अहवाल तयार करणे.' साहेबांनी ते खोडून 'मनुष्यबळाची कमतरता' केलं.

मनुष्यबळाने काय होतं, ते पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९५५ सालीच लिहून ठेवलंय. १९१४ ते १९२८ या काळात ब्रिटिश नौदलाच्या मोठ्या युद्धनौका ६२ वरून २० वर आल्या, आणि नौदल मुख्यालयातले अधिकारी २००० वरून ३५६९ वर गेले. बोटी घटल्याचा तक्ता कोणीतरी भरायला नको?

आपल्याकडे कायदा नाही असं मात्र नाही. २००५ चा विलंब प्रतिबंधाचा कायदा सांगतो की नस्ती कोणाकडेही सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. वहिनींचं कार्यालय तो काटेकोर पाळतं. सहाव्या दिवशी नस्ती 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन खाली उतरते, पुढच्या सहाव्या दिवशी 'चर्चा केली, सादर' म्हणत वर चढते. पडून कुठे राहते? निर्णय व्हावा असं त्या कलमात म्हटलेलं नाही, असं साहेबांचं वाचन आहे.

तेव्हा वाचकहो, तुमच्या अर्जाचं काय झालं हे विचारायला जाऊ नका. तो रोज दोन जिने चढतो-उतरतो, तब्येतीने ठणठणीत आहे. तुम्ही गेलात, तर 'भेटीस आलेल्या अभ्यागतांची माहिती' वहिनींना वर कळवावी लागेल. गेला नाहीत तरी कळवावी लागेलच. पण निरंक लिहायला वेळ कमी लागतो.