पऱ्हाटी माजते, तसं प्रवाळही

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

सोबतच्या फोटोत काचेच्या टाकीत दिसतात त्या गोवऱ्या नव्हेत, प्रवाळ आहेत. आईच्या अंगठीतल्या पोवळ्याचे हे लांबचे भाऊबंद. जिवंत प्राणीच, फक्त त्यांच्या मांसात सूक्ष्म शेवाळ भाडेकरू म्हणून राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा भाडं म्हणून घरमालकाला देतं. या शेवाळाचा रंग तपकिरी. माशांना खाऊ जास्त पडला की पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढतं, भाडेकरूंची संख्या फुगते आणि मालकाचा मूळचा जांभळा-हिरवा रंग त्याखाली झाकला जातो. म्हणजे असा मळकटपणा बहुधा रोग नसून माज असतो. आपल्या पिंगळीच्या काळ्या रानात युरिया जास्त झाला की पऱ्हाटी छातीएवढी वाढते अन् बोंडं मोजकीच लागतात, तसंच हे. म्हणून आमचं म्हणणं असं, की रंग बाटलीतून ओतता येत नाही; खतपाणी आवरावं लागतं.

तुम्ही म्हणाल, मग खत बंदच करा. तिथंच नवशिके फसतात. प्रवाळाचे रंग ही प्रथिनं असतात, त्यांना नत्र लागतं. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटची उपासमार, अशा पाण्यात प्रवाळ लवकर पांढरे पडतात, हे साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलंय. तेव्हा लिटरमागे नायट्रेट 5 ते 10 मिलिग्रॅम, फॉस्फेट 0.03 ते 0.1, पाणी 25-26 अंश, क्षार हजारी 35, आणि हे सगळं महिनोन्‌महिने जागच्या जागी. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं, गाळलेलं पाणीच घालायचं, कारण मीठ काही उडून जात नाही. उजेड वाढवायचा तोही आठवड्या-आठवड्यानं, नाहीतर प्रवाळ होरपळतात. घरातल्या कुणाचं बीपी इतक्या निष्ठेनं मोजलं जात नाही, हे कबूल.

दुसरी शंका टाकीवरच्या निळ्या दिव्यांची: रंग खरा की दिव्याची करामत? शंका अर्धी रास्त आहे. निळ्या उजेडात ही प्रथिनं चमकतात. साडीचा रंग दुकानाच्या दिव्याखाली न बघता दाराशी आणून बघतात, तसं प्रवाळ पांढऱ्या उजेडात पारखावं. पण निळा उजेड नुसता फसवा नाही, त्याच्यामुळंच ही प्रथिनं जास्त तयार होतात. आणि झगमगाट म्हणजे तब्येत, असंही नाही. 2020 मध्ये साउदॅम्प्टनच्याच मंडळींनी दाखवलं, की उष्णतेनं शेवाळ सोडून गेल्यावर काही प्रवाळ भडक रंग धरतात. ती शोभा नसते, छत्री असते: ऊन अडलं तर शेवाळ परत येईल, एवढ्यासाठी.

राहिला खर्च. या पैशात म्हैस आली असती, यावर वाद नाही. पण मळका रंग सुधारायला त्यातलं फारसं काही लागत नाही. खाऊ कमी, आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदल, आणि धीर. रंग खुलवण्याच्या महागड्या बाटल्या दुकानदाराचाच रंग खुलवतात.

दिवाळीला येताना आईसाठी एखादी फांदी आणा, असं मात्र सांगू नका. दगडी प्रवाळ भारतात 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला.

आपली,
एडिसनकर मंडळी