सेट झालं का?

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या १९८९च्या आवृत्तीत सर्वांत जास्त जागा अडवून बसलेला शब्द होता 'सेट'. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ आणि ते उलगडायला सुमारे ६०,००० शब्द. म्हणजे एक बरीशी कादंबरीच. पुढे २०११च्या सुमारास 'रन'ने ६४५ अर्थ जमवून त्याला मागे टाकलं. 'सेट' हा मुळात 'सिट'चा भाऊबंद, त्याचं काम बसवण्याचं. पळणाऱ्याने बसलेल्याला गाठलं यात नवल कसलं?

चहाच्या सेटचं कूळ मात्र वेगळं. तो फ्रेंचमार्गे लॅटिनमधून आला, आणि तिथे त्याचा अर्थ अनुयायी, पंथ असा. हे कळल्यापासून मी काचेच्या कपाटाकडे आदराने बघतो. किटली गुरुस्थानी, सहा कप शिष्य. एक फुटला की पंथ बुडाला. उरलेले पाच पाहुण्यांसमोर येत नाहीत, मुकाट्याने मोलकरणीच्या आणि घरच्यांच्या चहाला लागतात.

आपण मराठी माणसांनी या शब्दाला जो अर्थ दिला आहे, तो त्या ४३० मध्ये असेल असं मला वाटत नाही. "धाकटा कसा आहे?" "तो ना, एकदम सेट आहे." या एका शब्दात नोकरी, फ्लॅट, बायको, कर्जाचे हप्ते आणि आई-वडिलांची शांत झोप एवढं सगळं येतं. धाकट्याला विचारलं तर तो कदाचित वेगळं सांगेल, पण त्याला विचारतं कोण! सिमेंटचं बरं असतं. ते ३० मिनिटांच्या आत सेट होऊ लागता कामा नये आणि ६०० मिनिटांच्या आत पुरतं सेट झालंच पाहिजे, असा भारतीय मानकांचा दंडक आहे. मुलांसाठी असलं मानक नसल्यामुळे मावश्या आणि आत्या लग्नाच्या पंगतीत आपापल्या घड्याळाने वेळ लावतात.

यातला खरा विनोद विद्यापीठाचा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा घेतं, तिचं नाव सेट. ती पास झालेली कितीतरी हुशार मुलं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात स्कूटर पळवत असतात. सेट आहेत, पण सेट नाहीत. (ही कोटी त्यांच्यासमोर करू नये.) टेनिसमध्येही २०१०च्या विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांचा शेवटचा सेट ७०-६८पर्यंत लांबला होता, पण तो निदान संपला तरी.

इंग्रजीच्या या श्रीमंतीने दिपून जाण्याचं आपल्याला मात्र कारण नाही. आपलं 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, डोळा लागतो, निकाल लागतो, लग्न लागतं, वाटही लागते. तो तुमचा कोण लागतो, हेही त्यानेच विचारायचं. साहेबाचं दही सेट होतं, आपलं लागतं. कोशकारांना बसवावं एकदा एखाद्या एसटी स्टँडवर. मागून बाई ओरडते, "अगं, गाडी लागली!" आता पिशव्या उचलून फलाटाकडे धावायचं, की लिंबू शोधायचं?