डबा, झाकण आणि कॅलथ्रॉपसाहेब

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या स्वयंपाकघरात दरवर्षी तोच साक्षात्कार होतो. डबे चौदा, झाकणं एकोणीस, आणि एकाचं दुसऱ्याला बसेल तर शपथ! मी दाबून, फिरवून, वरून बुक्की मारून पाहतो. "अहो, माप वेगळंय ते," ही म्हणते. "जोर करून माप जुळतं होय?"

असल्या न जुळणाऱ्या मापांपायी एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बरीच डोकेफोड केली. 1882 साली तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी, रेल्वेत नोकरीला आला आणि सोलापूरकडच्या उन्हात त्याला छोट्या गाडीचं वेड लागलं. 1897 साली त्याची बार्शी लाईट ही छोटी गाडी धावू लागली. आता कुर्डुवाडीला मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फुटांवर, हिचे अडीच फुटांवर. फरक बरोबर तीन फूट, म्हणजे दोन हात. त्या दोन हातांशी दोन हात करायचे ते हमालांनी. पोतं या डब्यातून उतरवा, त्या डब्यात चढवा. बार्शीचा माल मुंबईला निघाला की कुर्डुवाडीत त्याची अशी बदली व्हायचीच.

कॅलथ्रॉपला अरुंद रुळांची लाज मुळीच नव्हती. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळलं तर हलक्या रुळांवरूनही ऐसपैस डबे जातात, हे त्याने करून दाखवलं. उरला प्रश्न बदलीचा. त्यावर चाकंच आत-बाहेर सरकवावीत, असा एक मार्ग असतो. स्पेनच्या टाल्गो गाडीने 1969 मध्ये तो साधला आणि ती बार्सिलोनाहून थेट जिनिव्हाला जाऊ लागली. कॅलथ्रॉपने मात्र आपल्याकडच्या आयांसारखा विचार केला. पोराला चालवत नाही ना? मग घ्या पाठुंगळी.

फक्त इथे पाठुंगळी बसणारा थोरला होता आणि वाहणारा धाकटा. 1904 साली इंग्लंडातल्या लीक अँड मॅनिफोल्ड या अडीच फुटी मार्गावर त्याने बसकी वाघीण, म्हणजे मालडबा, आणली. मोठ्या मापाची अख्खी वाघीण, चाकांसकट, तिच्यावर चढवायची, जखडायची आणि निघायचं. ना पोतं उतरवणं, ना हमाली.

युक्ती नामी होती, पण तो मार्ग 1934 साली बंदच पडला. त्याआधीच साहेबांचं लक्ष वर गेलं होतं. त्यांचा मित्र चार्ल्स रोल्स, म्हणजे रोल्स-रॉइसमधला रोल्स, 1910 साली विमान कोसळून गेला, तेव्हापासून ते पॅराशूटच्या मागे लागले. आकाशात रूळ नाहीत, हाही एक दिलासा असेल. 1927 साली ते वारले. त्याच वर्षी त्यांची बार्शी लाईट मिरजेला पोचली.

पुढे सरकारने सरळ मार्ग धरला. 1992 पासून देशभर 'युनिगेज', सगळ्यांनी मोठ्या मापाचं व्हायचं. बार्शी लाईटही रुंद झाली. आता लातूरहून निघालेलं पोतं कुर्डुवाडीत कुणाच्या खांद्यावर चढत नाही. तक्रारीला जागा नाही. तरी वाटतं, कॅलथ्रॉप विचारत होता, वेगळं राहून बरोबर कसं जायचं? सरकारने विचारलं, माप कुणाचं ठेवायचं? दुसरा प्रश्न सोपा. लग्न झालेल्या कुणालाही विचारा.

यंदा आमच्याकडेही युनिगेज झालं. हिने एकाच मापाचे बारा डबे आणले आणि जुनी रास भंगारवाल्याच्या काट्यावर चढली. त्यातला एक चिमुकला डबा आणि एक भलंमोठं झाकण मी हळूच मागे ठेवलं. गच्चीवर डबा उभा आहे, त्याच्या डोक्यावर झाकण उताणं, आणि झाकणात चिमण्यांसाठी पाणी.

"बसलं का शेवटी?" हिने विचारलं.

"बसलं नाही," मी म्हटलं, "पाठुंगळी घेतलंय."