पांढऱ्यातले दोन पक्ष

दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरात दोन पक्ष पडले: हस्तिदंती आणि मोतिया. शेडकार्डावर दोघांतला फरक शोधायला चष्मा लागतो, भांडायला मात्र तेवढा फरकही पुरतो. भिंतीवर हातभर पट्टे ओढून पाहिले. सकाळच्या उन्हात सौ. जिंकल्या, ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या एलईडीखाली मी, आणि २७०० च्या पिवळ्या दिव्यात दोन्ही पट्टे सायीसारखे एकरूप. वडिलांच्या काळी कालवलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की प्रश्न मिटायचा. निवडायला दुसरा रंगच नसायचा. अखेर रंगारीदादा कंटाळून म्हणाले, ‘‘साहेब, दोन्ही डबे एकत्र ढवळू का? कुणाला कळायचं नाही.’’ तसंच केलं. पाडव्याला पाहुणे आले, भिंती न्याहाळून म्हणाले, ‘‘यंदा रंग काढायचा राहिला वाटतं?’’