साप चावून घ्यायचाय? आधी हे वाचा

जुन्नर-आंबेगावात ज्यांना पहिल्यांदाच पान लागणार आहे, त्यांच्यासाठी ही माहिती. जुन्याजाणत्यांना तिची गरज नाही. त्यांच्यातले जे वाचले, ते शहाणे झालेत.

सुरुवात जागेपासून करावी. नवख्याने शक्यतो नारायणगावच्या पंचक्रोशीतच चावून घ्यावे. तिथे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत वर्षानुवर्षे सर्पदंशाचे रुग्ण वाचवत आले आहेत. शिवाय सापाची लस बनवणारी प्रीमियम सीरम्स ही कंपनीही नारायणगावचीच. तमिळनाडूतल्या इरुळांच्या सहकारी संस्थेकडून विष मिळते, ते थोडे थोडे घोड्याला टोचतात आणि घोड्याच्या रक्तात त्याचा उतारा तयार होतो. नारायणगावची कुपी पार आफ्रिकेत जाते. आहुपे तिला जरा लांब पडते: घोडेगाव, डिंभे, मग घाट, तोही दरड आली नसेल तर. म्हणून आहुपे-तळेघरकडच्यांनी भातलावणीत साप टाळावा. जमत नसेल तर भात टाळावा.

साप निवडताना घाई नको. घोणस बरी. ती कुकरसारखी फुत्कारते, चावली की पाय सुजतो, ठणकतो, त्यामुळे घरचे लगेच विश्वास ठेवतात. तुटवडाही नाही: कालव्याचे पाणी आले, ऊस आला, उसात उंदीर आले आणि त्यांच्या मागे साप. बिबट्याही आला म्हणा; पण त्याच्या दिमतीला वनखाते, पिंजरे, टीव्हीवाले असा लवाजमा आहे. देशात वर्षाला सुमारे ५८ हजार माणसे सापाने मरतात असा अंदाज आहे, तरी सापाच्या मागे कॅमेरा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला ‘दुर्लक्षित’ आजारांच्या यादीत घातले. म्हणजे दुर्लक्षाची निदान नोंद तरी झाली.

मण्यार मात्र नवशिक्याने घेऊच नये. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. ना सूज, ना ठणका. खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे ओवा देतात. मग पापण्या मिटायला लागतात, आवाज जातो, शेवटी श्वास. कोपीत भुईवर निजणाऱ्या ऊसतोड कामगाराला हा साप निवडावा लागत नाही. आपोआप मिळतो.

आता भगताकडे जायचे. त्याचा निकाल उत्तम असतो, कारण चावणारे बरेच साप धामण-दिवडासारखे बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडताच चावतो. तो कडुनिंबाचा पाला चघळायला देईल. कडू लागला तर विष नाही. डॉक्टरांकडेही अशीच स्वस्त परीक्षा आहे: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळी हलवायची नाही. रक्त गोठले नाही तर विष भिनले. फरक इतकाच की ही परीक्षा खरी आहे. कोणी तुमचा पाय सुतळीने करकचून बांधायला आला, तर त्याला गाडीत डिझेल भरायला पाठवा. सुतळीने विष थांबत नाही, पाय मात्र जाऊ शकतो.

१०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. फोन लावायला रेंज हवी. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकू येतात. डोंगरातल्या वाडीवरच्या माणसाने टेकाडावर चढून पाहावे. चढायला चावलेल्याला पाठवू नये.

आरोग्य केंद्रात पोचलात की खरा खेळ. सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. लहान मुलालाही तितक्याच, कारण साप वजन बघून विष सोडत नाही. लशीची रिअॅक्शन येऊ शकते, त्यासाठी अॅड्रेनलिन जवळ लागते आणि देणाऱ्याला हिंमत. दोन्हींपैकी एक नसेल तर चिठ्ठी मिळते: ‘पुढे न्या.’ केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून पुण्याला. चिठ्ठी जपून ठेवा. तेवढ्या वेळात विष कुणासाठी थांबत नाही.

इतके करूनही जमले नाही, तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्यासाठी सातबारा लागतो. भूमिहीन मजुराने या योजनेच्या भरवशावर मरू नये.

तोवर खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा, रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. आणि मृगाआधी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन एकच विचारा: सापाच्या लशीच्या कुप्या किती आहेत? आकडा दहाच्या आत आला, तर तो ग्रामसभेत उभे राहून मोठ्याने वाचा.